खळ

कॅम्पातल्या सेमिनरीचं पुस्तक आलंय,
पाठ सुटलेली, कोपरे कसरीनं खाल्लेले.
फादर आवेलिन म्हणाले, सावकाश कर, घाई नाही,
एकशेबाराव्या पानाला तेवढं जप.

त्या पानावर फोटो आहे.
तळहाताएवढा कातड्याचा तुकडा,
दीड हजार वर्षं इजिप्तच्या वाळूत पडून होता.
डावीकडे ग्रीक, उजवीकडे कॉप्टिक,
मधे बोटभर मोकळी जागा,
आमच्या शहापुरात दोन घरांच्या मधे सोडतात तशी,
पाणी जायला.

अक्षरं तर सारखीच दिसतात की, मी म्हटलं.
उसनी घेतली त्यांनी, फादर म्हणाले,
पण सहा-सात घरचीच ठेवली,
ग्रीकांच्या तोंडात न बसणाऱ्या आवाजांची.
मला बेळगावातला ळ आठवला.
साहेबाला जमला नाही, त्यानं गाळून टाकला.
पाटीवर गावाचं नाव दोन लिप्यांत.
कधी ह्या ओळीवर डांबर, कधी त्या.
ळ दोन्हींत.

फादर बोट फिरवत गेले:
हा आंधळा. ही वाट. ही थुंकी. ही माती.
माती कालवली, डोळ्यांवर लिंपली,
जा, धुऊन ये म्हटलं.
मग?
मग फाटलंय.

मी खळ ढवळत होतो.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद.
गुठळी राहिली की पुस्तक जन्मभर कुबड काढून बसतं.
डोळ्यांवर चिखल घेऊन माणूस हौदाकडं निघालाय
आणि पायाखाली पुढची ओळच नाही,
हे काही मला बरं वाटेना.

इकडं बघ, फादर म्हणाले.
फाटताना तिरकं फाटलं,
उजवीकडे एक ओळ जास्त राहिली.
ग्रीकमध्ये नाही, कॉप्टिकमध्ये आहे.
इथं तो धुतो. इथं तो परत येतो.
दिसतं का मग त्याला?
ते पुढच्या ओळीत असणार.

फादर गेल्यावर पाठ सोलली.
आत अस्तराला जुन्या कागदाच्या पट्ट्या
आणि अक्षर बाबांचं.
म्हणजे हे पुस्तक आधी एकदा
ह्याच फळीवर आडवं झालं होतं.
रोजकीर्द भरली की फाडून पाठीत घालायचे ते,
पुठ्ठ्याला पैसे कुठले.
डावीकडे भरमाजींचं मराठी, मान मोडल्यागत तिरकं,
उजवीकडे गंगव्वाचं कन्नड,
बैलहोंगलच्या शाळेतलं, गोल, भाकरीसारखं.
एकाची लिपी दुसऱ्याला येत नव्हती.
रात्री कंदिलाजवळ बसून
दोघं फक्त आकडे जुळवायची,
आणि आकडे जुळले नाहीत तर
भांडण मात्र दोन्ही भाषांत.

बाबांच्या बाजूला:
सोमवार. सुतळी दीड रुपया. खळ
आणि पुढं कात्रीनं गेलंय.
कात्री पण त्यांचीच.

आईची ओळ शाबूत होती.
कन्नड मला बोलायला येतं, भांडायला येतं,
वाचायला बोट लागतं, आणि बोटाला खळ होती.
समोरच्या इराण्णाच्या शैलाला हाक मारली.
ती एका पायावर उभी राहूनच वाचून गेली:
खळ आंबली. तरी धरली.

एवढंच?
एवढंच, मामा. खाली तारीख आहे, ती अर्धी.

तारखेचा उरलेला भाग धुंडाळला,
सगळ्या पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या.
एकीवर कुणाची तरी उधारी,
एकीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर,
किंवा नुसताच शाईचा डाग.

पट्टी होती तिथंच परत लावली.
नवी खळ, वर मांजरपाट, वर दाबाचा दगड.
फादर सहाला येतील.
त्यांना हे सांगायचं की नाही,
आधी हात धुतो,
मग बघतो.