मानशीवरचा गुरुवार

आमच्या वसईकडे खाडीच्या दाराला उघाडी म्हणतात.
इथे, सांतइस्तेवच्या बेटावर, मानस.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनातल्या मनात हसलो:
मानस,
आणि त्याला फळ्यांचं दार!

मी नवा पाद्री, बेटावर आठवा महिना,
कोंकणीतून मिस्सा म्हणताना अजून अडखळणारा.
प्रवचन मात्र चोख,
पंधरवडाभर घासलेलं,
हातवारेसुद्धा आरशासमोर बसवलेले.
विषय: नम्रता.

पवित्र गुरुवारी पाय धुवायला बारा माणसं हवी होती.
अकरांनी लगेच होकार दिला,
दोघांनी तर स्वतःहून विचारलं.
बारावा इनास, मानशीचा राखणदार.
"जमचें ना, पाद्री. उधाण आहे."
उधाण दर पुनवेला येतं, मी म्हणालो,
हा गुरुवार वर्षातून एकदाच.
"हा गुरुवार पुनवेला सोडून
कधी आलाय?" तो म्हणाला,
आणि सायकलवर बसला.

बारावी खुर्ची रिकामी राहिली.
अकरा जोड पाय, घरूनच साबणानं धुतलेले,
एकाला तर अत्तराचा वास.
मी गुडघ्यांवर, कमरेला टॉवेल,
डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो
फोटो कोण काढतंय.

घंटा मुक्या झाल्या होत्या त्या दिवसापुरत्या.
बायका साक्रामेंतापुढे जागत बसल्या,
आणि मी टॉर्च घेऊन बांधावर निघालो,
इनासला दोन शब्द सुनवायला.
आज्ञापालनाबद्दल.

चांदण्यात खाडी फुगत होती.
तो मांडीपर्यंत चिखलात,
दाराच्या फटीत माडाचा ओंडका अडकलेला,
खारं पाणी फुसफुसत आत शिरत होतं
आणि पलीकडे वायंगणाचं भात
चार दिवसांत कापायचं.
"धर," तो म्हणाला.
पाद्री म्हणाला नाही, बाब म्हणाला नाही.
धर.

मी झग्यासकट उतरलो.
एक सपात चिखलानं ठेवून घेतली, ती आजही तिथेच असेल.
आम्ही ओढलं. पुन्हा ओढलं.
ओंडका सुटला, आणि कुणी हात न लावता
दार लागलं,
लाकडावर लाकूड,
देवळातल्या मात्राकसारखं खणखणीत.
आम्ही ते लावलं नव्हतं.
आम्ही फक्त त्यातलं अडकलेलं काढलं.
समुद्राला समुद्रानंच बाहेर थोपवलं.

तळव्याला कालवाचं शिंपलं लागलं होतं.
इनासनं मला बांधावर बसवलं,
आपला पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणला,
रात्रभराचं तेवढंच पाणी.
मी पाय मागे घेतला.
नको, म्हणालो, तुम्ही माझे...
वाक्य तिथेच थांबलं.
तीन तासांपूर्वी मीच वाचलं होतं ते वेदीवरून,
पेत्राच्या तोंडचं.
"पांय दी," तो म्हणाला,
वासराला म्हणावं तसं.

दिला.
त्या रात्री याहून जड
मी काहीच उचललं नव्हतं,
ओंडकासुद्धा नाही.

त्यानं बोटांच्या मधला चिखल काढला,
नखांखालचा काढला, घाई केली नाही.
तेवढ्यात विचारलं, "सेर्मांव बरो जालो?"
झाला, म्हणालो.
"आयकूंक मेळ्ळो ना," तो म्हणाला, खरंच वाईट वाटून.

मग बिजागरीला तेल घालायला उठला.
पहाटे ओहोटी लागेल,
आतलं पाणी दार ढकलेल, तेव्हा ते कुरकुरता नये,
एवढंच त्याचं काम, म्हणाला. बाकीचं
ज्याचं त्याला ठाऊक.

खिशात प्रवचनाचे कागद भिजून लगदा झाले होते.
तेलाचा हात पुसायला त्यानं एक मागितला.
मी दिला.
मग दुसराही.