सियाफू

आधी उंदीर गेले.
मग छपराच्या गवतातून झुरळं पडू लागली,
भाजलेल्या शेंगा परातीत ओताव्यात तशी.
आई अंधारातच म्हणाली, "सियाफू आल्या. ऊठ."
पाहुणे आलेत म्हणावं, तेवढ्याच आवाजात.

तिनं इम्बुहिलाला पाठीशी बांधलं, कंदील घेतला.
उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली नाही.
"येऊ दे. काकामेगाच्या जंगलाला आज
आपलं घर झाडायचंय."

चहाच्या मळ्याच्या बांधावर बसून आम्ही पाहिलं:
झाडीतून सुटत आलेला काळा पट्टा,
दोन्ही कडांना थोराड मुंग्या, जबडे वर उघडून थिजलेल्या,
आणि मधून बारक्या, आंधळ्या, घाईत.
चर आडवा आला. कुणी थांबलं नाही.
काहींनी एकमेकींचे पाय धरले, लोंबल्या,
बाकीच्या त्यांच्या पाठीवरून चालत गेल्या.
"यांना कोण सांगतं?"
"कुणी नाही. वास."

कंदिलाच्या उजेडाला एक टोळ आला, खाली पडला.
एकीनं पाय धरला. टोळानं तिला वीतभर फरफटवलं.
दुसरीनं दुसरा पाय. तिसरीनं मिशी.
मग जी ती नुसती मागे ओढत राहिली,
आपापल्या दिशेला,
आणि टोळ मधोमध ताणला गेला
वाळत घातलेल्या कातड्यासारखा.
मारलं कुणीच नाही त्याला.
सगळ्यांनी फक्त धरून ठेवलं.

पहाटे मला आठवलं.

खाटेखालच्या टोपलीतली खुडूक कोंबडी.
अंडी सोडून लिहांडाच्या मक्यात शिरायची,
म्हणून संध्याकाळी मीच तिचा पाय बांधला होता.

उन्हं आली तेव्हा घर मोकळं झालं होतं.
ढेकूण नाही, पाल नाही,
भिंतीच्या भेगेत उंदराचं पिल्लूसुद्धा नाही.
आई दारात उभी राहून म्हणाली, "बघ, कसं लख्ख."
मग तिनं खाटेखाली पाहिलं.

पिसं. थोडी हाडं.
त्यांच्याखाली सात अंडी, शाबूत, गार.
खाटेच्या पायाला दोरी,
आणि गाठ तशीच, पक्की, बाबांनी शिकवलेली.

आई काही बोलली नाही.
एक मुंगी मागे राहिली होती.
रिकाम्या फासाला जबड्यानं धरून
ओढत होती.