नमुना

बाडमेरहून कुरियरने आली
पत्र्याच्या डब्यात पाच किलो माती.
डिचोलीच्या शेडमध्ये पुंडलीक च्यारी
तिच्यात बाजरीचं भूस कालवतो,
फणसाच्या साच्यात हातभर फळी पाडतो.

अशा अठ्ठावीस मोठ्या फळ्या,
तिथल्याच मातीच्या, उंटगाडीत मावतील एवढ्या.
खिडकी एकच, उत्तरेला, वीतभर.
"आणि वळचण?" पुंडलीक विचारतो.
तिथे पाऊसच नाही रे.
"तरी पण," म्हणतो,
पेन्सिल कानामागे खोचतो.

नऊ दिवस झाले, फळी सुकेना.
इथे चिऱ्यांनाही घाम.
आज तिच्या कडेला दोन कोंब,
पोपटी, केसाएवढे.
कुठल्या सालचं बी, किती थांबलेलं,

मी नकाशा परत उलगडते.
वळचण: नऊ इंच.