भाऊबंदकी

झोंबाच्या इस्पितळात, मागच्या खोलीत
अतुपेले काचपट्टीवर एक थेंब ठेवते:
येसायाच्या पाठीच्या कण्यातून सकाळी काढलेलं पाणी.
शेजारी शाईचा थेंब. बाटलीवर लिहिलंय इंडिया.
तिथं इथलं कुणी गेलेलं नाही.

मग काळोख, आणि काळोखात
गोल गोल उजेड, प्रत्येकाच्या आत एक पेशी
जाड दुलई पांघरून बसलेली.
एकीच्या कडेवर लेक आहे.

"सापडली," अतुपेले म्हणते,
जशी हरवलेली किल्ली.

कबुतरांच्या विष्ठेतून, कुठल्या झाडाच्या ढोलीतून
कधीतरी श्वासाबरोबर आलेली ही बुरशी
वर्षानुवर्षं फुप्फुसात निजून होती, भाडं न देता.
मग दुसऱ्याच एका विषाणूनं पहारेकरी गारद केले
आणि ती उठून डोक्याकडे चालू लागली.

येसाया सायकली दुरुस्त करतो. तीन आठवडे
डोकं पान्यानं आवळल्यासारखं.
उजेड नको, बहिणीची हाक नको.
सुई शिरली, पाणी नळीत चढलं, चढतच राहिलं.
थोडं उतरवलं, तसा डोळे उघडून म्हणाला,
माझा पंप कुणी नेला?

आता औषध. आणि इथंच गोम आहे.
बॅक्टेरिया परके, त्यांना हुडकून मारता येतं.
बुरशी झाडांची कुणी लागत नाही,
ती आपल्याच वंशातली, दूरच्या फाट्याची चुलत.
तिची भिंत आणि आपली भिंत एकाच गवंड्याच्या हातची.
फरक गिलाव्यातल्या तेलाचा:
तिच्यात एर्गोस्टेरॉल, आपल्यात कोलेस्टेरॉल.
पिवळं औषध तेवढ्या फरकावर नेम धरतं,
भोकं पाडतं, तिच्यातलं पोटॅशियम गळून जातं.
कधी नेम हुकतो.
येसायाला हुडहुडी भरते, मूत्रपिंडं कुरकुरतात.
भाऊबंदकीत कोर्टाचा खर्च
दोन्ही घरांना.

म्हणून जोडीला गोळ्या, दर सहा तासांनी.
तिच्या स्वयंपाकघरात एक विळी आहे, आपल्यात नाही.
गोळी पाहुण्यासारखी आत जाते,
ती हौसेनं चिरायला बसते
आणि विष तिच्याच हातांनी सांडतं.

वेझी, बहीण, खाटेखाली चटई टाकते.
मोबाईलवर गजर: दहा, चार, दहा, चार.
गोळ्या तळहातावर दोनदा मोजते.

सातव्या पहाटे येसाया उठून बसतो,
मक्याची पेज एक घोट घेतो.
अळणी आहे, म्हणतो.
वेझी मिठाला उठते,
एक पाय अजून झोपेत.