डाव्या चाकाचं बेअरिंग

देवळाली कॅम्पच्या लिलावातून आणला तेव्हा
ट्रेलरच्या पोटात चिमणीचं घरटं होतं,
आणि रंगाखाली रंग: हिरवा, मातकट, पुन्हा हिरवा.
खरवडताना एक पांढरा आकडा निघाला,
तिथे हात थांबला.

डाव्या चाकाचं बेअरिंग मात्र कुठेच नाही.
सारडा सर्कल झालं, भद्रकालीतलं भंगार झालं.
मुनाफचाचा म्हणाले,
"या मापाचं शेवटचं आमच्या अब्बांनी विकलं."

अंबडला खैरनारांनी लेथवर बुश कातून दिला.
पैसे घेतले नाहीत.
भाऊ तोपखान्यात होता, एवढंच बोलले
आणि मशीन परत चालू केलं.

काल ग्रीस भरून चाक फिरवलं.
फिरलं. जरा किरकिरलं.

मागची फळी तयार आहे, रंगवूनसुद्धा.
बसवलेली नाही.
पिल्लं अजून उडायचीत.