टोक

दिवे मालव, म्हणाला शकीलभाई,
तारेपासून चार हात लांब थांब
आणि शेंड्याकडं बघ.
खाली त्यानं चावी दाबली.

आधी आवाज,
तापल्या तव्यावर ओला हात झटकल्यासारखा.
मग जांभळा तुरा,
करडईच्या बोंडाएवढा, तितकाच काटेरी,
आणि परीक्षेच्या दिवसांत
औशाच्या झेरॉक्स दुकानात येतो तो वास.

भारी दिसतंय! मी ओरडलो.
"तेच तर गळतंय गा.
लांब जायचं ते इथंच फुलायलंय.
पकडीनं तोडली की तार टोक सोडते."

मग कोरड्या टाकीत उतरून
त्यानं तांब्याचा गोळा काढला,
पाणी भरलं की वर येणारा.
दोन उन्हाळे तो कशावरच तरंगला नव्हता.
मोटारी भरून काळ्या झालेल्या बोटांनी
टोक घासलं, गोळा बसवला,
डाख दिला, डाखही घासला,
गालावर फिरवून बघितला.

पुन्हा अंधार. पुन्हा चावी.
गोळ्यावर नुसतं दहिवर.
"काय दिसायलंय?"
काहीच नाही.
"ऐकू?"
काहीच नाही.

बराच वेळ खालून हाक आली नाही.
चावी तशीच दाबलेली.