सांधा

बापाला यार्डातल्या सगळ्या लाइनी पाठ होत्या.
कुठली मालगाडी नागपूरकडे, कुठली सुरतेकडे,
अंधारात, नुसत्या खडखडाटावरून.
सुपडू भोळे, सांधेवाला, भुसावळ.
शेवटी घरातल्या घरात न्हाणी सापडेना.
मला विचारलं, "कोनाचा रे पोऱ्या तू?"
तुमचाच, म्हटलं.
"आसं व्हय," म्हणाले,
आणि आपला चहा पुढे सरकवला,
पाहुण्याला देतात तसा.

मी सेहेचाळीस. लोको शेडमध्ये
हातोड्यांच्या आवाजात कान गेले थोडे थोडे.
बायको दोनदा सांगते, तिसऱ्यांदा सोडून देते.
डॉक्टर झोपे (आडनावाला जागून झोपेचंही विचारतात)
म्हणाल्या, "खात्री कुणीच देणार नाही.
पण प्रेशर आत्ता उतरवा, कानाला मशीन लावा,
माणसांत बसा."

तर सकाळी गोळी.
शेवभाजीची तर्री चमच्यानं बाजूला, जीव तुटतो.
ऊन चढायच्या आत तापीच्या रस्त्यानं चालणं.
संध्याकाळी कलीम मास्तरांकडे पेटी शिकतो,
काळी तीनचा सा विसरतो
आणि नको तितका दचकतो.

बाप नीट होता तेव्हा म्हणायचा,
गाडी दिसल्यावर सांधा नाही बदलत, भाऊ.
ती लांब असते, रूळ गार असतात,
तेव्हाच जाऊन उभं राहायचं.

मशीन लावलं त्या रात्री
यार्डात डबे जोडल्याचा धक्का ऐकू आला,
पंख्याची कुरकुर,
आणि बायको, अगदी हळू:
"एवढं ओरडून काय बोलता?"